तेव्हा तो मी नसेन

रविवार, ८ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद वगैरे तू धरूनच चाल. मुद्द्याचं आधी सांगते. तुझ्या बाबांनी मटण खाल्लं.

हस. पोटभर हसून घे, मग पुढचं वाच. "मटणाच्या दुकानावर चालणाऱ्या घरातलं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरणार नाही," असं तुझ्या लग्नात चारचौघांत सांगणारा आणि त्यानंतर तुझ्या घराचा उंबरा न ओलांडलेला माणूस. नातीचं तोंडही ज्याने फोटोतच पाहिलं. त्या माणसाने गुरुवारी भर दुपारी शेजारच्या शिंपीणबाईंच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला.

मी कपडे वाळत घालत होते. शिंपीणबाई दार उघडं ठेवून, शिलाई मशिनवरच ताट ठेवून जेवत होत्या. हे उठले, वासामागे गेले आणि त्यांच्यासमोर स्टुलावर जाऊन बसले. त्या बिचाऱ्या सुई टोचल्यासारख्या उभ्या राहिल्या. याच माणसाने एकदा त्यांना जिन्यात गाठून कोंबडीला वेदना कशा होतात ते समजावून सांगितलं होतं, आणि तेव्हा त्यांच्या पिशवीत कोंबडीच होती. "मीठ कमी आहे," असं म्हणून यांनी दुसरा तुकडा उचलला.

मी धावत गेले आणि बोट घालून घास बाहेर काढला. ते चावले मला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ए दिवेवाली, असं काय करतेस?"

फोन का केला नाही म्हणशील. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि हे दिवसभर त्याच्याशेजारी बसलेले असतात. मी बोलायला लागले की "कोण आहे? सुपरवायझर का?" सुरू होतं. आणि तू फोनवर "हं" आणि "बरं" याखेरीज काही बोलत नाहीस. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रं हे आता वाचत नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणतात, या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं जास्त टिकतं. तेव्हा छापखान्यातली नोकरी पुसली गेली, मास्तरांबरोबर काढलेलं शाकाहार मंडळ पुसलं गेलं, तूही बहुतेक गेलीस. रागावू नकोस, रोगाला माणसं कळत नाहीत. हे आता हॅचरीत पोचलेत, आम्ही दोघं कामाला होतो त्या अंडी उबवायच्या कारखान्यात. सकाळी उठून शर्ट उलटा घालतात आणि ड्यूटी चुकेल म्हणून दाराशी जाऊन उभे राहतात.

ते बाबा तू पाहिलेच नाहीस, मी पाहिलेत. मी अंड्यांच्या खोलीत होते. अंडं दिव्यासमोर धरायचं आणि आत जीव धरलाय की नाही ते बघायचं, एवढंच काम. हे पलीकडच्या खोलीत. नुकतं निघालेलं पिल्लू उचलायचं, पालथं करायचं, नर की मादी ते बघायचं. माद्या उजवीकडे खोक्यात. नर डावीकडे घसरगुंडीवर, आणि घसरगुंडीच्या टोकाला चिरडणारं यंत्र. अंडी न घालणाऱ्याला कोण पोसणार? यांचा हात इतका चपळ होता की दुसऱ्या खोल्यांतले लोक बघायला यायचे. आणि जेवणाच्या सुट्टीत हाच माणूस "ए दिवेवाली, आज रस्सा आणलास का?" म्हणत माझ्या डब्यावर डल्ला मारायचा. हाडं अशी साफ करायचा की मांजराने नाव ठेवू नये. खोटं वाटेल तुला, पण मी त्यांच्या खाण्यावर भाळून लग्न केलं.

मग एके दिवशी घरी येऊन हात धूत बसले. साबणाची वडी झिजून चपटी झाली तरी उठेनात. दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत, कधीच गेले नाहीत. पुढचे बाबा तुला ठाऊक आहेत.

तर असं आहे. गुरुवारपासून मी केलेलं काही खात नाहीत. भाताला हात लावत नाहीत, भाजी ताटाच्या कडेला सारतात. जावईबापूंना माझा नमस्कार सांग. चिंगीला पापा.

तुझी आई


सोमवार, २३ मार्च

भिंगरे,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझीच आई, चिकटपणात कमी नाही.

सगळे उपाय करून झाले. सोयाचे तुकडे मसाल्यात घोळवून तळले. एक चावला आणि "हा स्पंज कुणी आणला?" म्हणून माझ्या हातावर परत ठेवला. अळंबीचा रस्सा केला, तो चाखून माझ्याकडे इतक्या दयेने बघितलं की मलाच माझी कीव आली. दूध दिलं तर दोन घोट घेतात आणि पुन्हा विचारतात, "जेवण कधी?" समोर ताट भरलेलं असतं गं. त्यांच्या लेखी ते जेवणच नाही. पट्ट्याला मी खिळ्याने नवीन भोक पाडलं. काल तेही सैल झालं.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "जे खातील ते द्या आजी. आता तत्त्वं बघायची नाहीत, वजन बघायचं." पोर हुशार आहे, आणि तिच्या जागी तिचं बरोबर आहे. पण तिने यांना कधी व्याख्यान देताना ऐकलेलं नाही.

आता तुला एक सांगते, जे आजवर कुणाला सांगितलं नाही. आजाराचं नाव कळलं त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून निघून बसथांब्यावर उभे होतो. हे बसच्या पाट्या वाचत होते. मग म्हणाले, "मला हळूहळू काही कळेनासं होईल. कदाचित मी तसलं खायला मागेनही. तू देऊ नकोस. तेव्हा तो मी नसेन." मी "बरं" म्हटलं. बस येत होती, पिशवी जड होती, आणि नवऱ्याला "बरं" म्हणायची मला सवयच आहे. तर माझा हात धरून म्हणाले, "मला फसवायचं मात्र नाही. तू फसवणार नाहीस म्हणा, मला माहीत आहे."

तो मी नसेन म्हणाले. मग हा कोण आहे? याच्याही कानामागे तोच तीळ आहे. हाही जोडे काढून उलटे झटकतो. मी खोलीतून उठले की मान वळवून बघत राहतो. तिऱ्हाईत म्हणून याला उपाशी ठेवायचं, आणि रोज संध्याकाळी त्याचेच पाय चेपायचे, हे मला जमेना झालंय. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं. फरक एवढाच की दोन्हीकडे बुडणारे हेच आहेत.

मास्तरांना विचारायची सोय नाही. ते मंडळातले, काय बोलणार हे मला पाठ आहे. शिंपीणबाई म्हणतात, "ताई, भुकेला कसलं आलंय सोवळं?" पण त्या परक्या. यांच्या रक्ताची तू एकटी.

तू सांग. तू "दे" म्हणालीस तर देईन. तुझं उत्तर मी ओळखून आहे, पण मला ते तुझ्या अक्षरात हवंय.

तुझी आई


गुरुवार, ९ एप्रिल

भिंगरे,

वा गं वा! एवढ्या दिवसांनी पत्र, आणि त्यात काय, तर "देऊ नकोस."

दुकानात सुरी परजून उभी राहतेस, लोकांना खिमा हवा की फोडी ते विचारतेस, आणि मला सांगतेस देऊ नकोस! मी पत्र टेबलावर आपटलं. हे दचकले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि शेवटच्या ओळींशी माझा राग गेला. तू लिहितेस, "मी त्या माणसाशी भांडले, हरले आणि त्याला गमावून बसले. आई, ज्या गोष्टीपायी गमावलं ती तरी खरी असू दे. आता कोणीतरी वेगळाच म्हातारा मटण खात बसला तर मी कुणाशी भांडले होते?"

मला तुमची भांडणं आठवली. तू म्हणायचीस, "दूध पिता ना? मग गाईचं गोऱ्हं कुठे जातं ते सांगा." आणि यांनी काय करावं, तर दुसऱ्या दिवसापासून चहा काळा. महिनाभर तोंड वाकडं करून प्याले, शेवटी मीच न सांगता दूध घालायला लागले, तेव्हा गप्प राहिले. जावईबापू म्हणाले होते, "बाबा, मी बोकडाच्या डोळ्यांत बघून काम करतो, त्याचा तुकडाही वाया घालवत नाही." हे म्हणाले, "म्हणूनच मला तुमचं जास्त वाईट वाटतं." मी दोघांच्या मध्ये पळी घेऊन उभी. मला दोघांचंही पटायचं, आणि वरण गार व्हायचं.

तुझं म्हणणं चुकीचं नाही. पण तुला फक्त बाप वाचवायचाय, मला तो जगवायचाही आहे. आणि उशीर झालाय. तुझं पत्र यायच्या आधीच मी दिलं.

शिंपीणबाईंच्या स्वयंपाकघरात केलं, खिडक्या लावून. चोरी करणाऱ्या बाईला आधी खिडक्या आठवतात. कोंबडी धुताना बोट तिच्या मानेवरून फिरलं आणि मला यांचीच व्याख्यानं आठवायला लागली. खाणारा विसरला म्हणून हिचं मरण काही हलकं होत नाही. यांना आठवत असतं तर ही जगली असती. मी नळ सोडून नुसती उभी राहिले. मग भिंतीपलीकडून "जेवण कधी?" ऐकू आलं, आणि मी कांदा चिरायला घेतला.

कशी जेवले म्हणून सांगू! बोटं चाटली, ताट तिरपं करून रस्सा ओढला, आणि "आज काय विशेष?" विचारलं. मग ढेकर देऊन हॅचरीच्या सुपरवायझरची नक्कल केली. मी हसून हसून बेजार. तेव्हापासून एक दिवसाआड करते. गालावर मांस येतंय. कालपासून आरशात बघून भांग पाडतात.

आता हेही लिहिते, फाडून टाकायच्या आत. पहिल्या दिवशी मीठ बघायला म्हणून थेंबभर जिभेवर घेतलं. मीठ नीट कळलं नाही म्हणून वाटीत घेतलं. आता मी माझी वाटी आधीच बाजूला काढून ठेवते. मी काही व्रत घेतलेलं नव्हतं. यांनी सोडलं म्हणून घरात शिजेना, शिजेना म्हणून सुटलं. पण मला आवडतंय गं. ते "दिवेवाली" म्हणतात, आम्ही दोघं समोरासमोर बसून हाडं फोडतो, आणि मला बरं वाटतं. हे त्यांच्यासाठी चाललंय की माझ्यासाठी, ते मला सांगता येत नाही.

परवा मास्तर भेटायला आले. मी पातेलं झाकून वर पोळपाट ठेवला. ते नाक वर करून म्हणाले, "शेजारी काहीतरी शिजतंय." मी म्हटलं, "शेजाऱ्यांना काय बोलणार?" तेवढ्यात हे म्हणाले, "आज कोंबडी आहे. जेवून जा." मास्तरांचे डोळे भरून आले. जिन्यात मला म्हणाले, "काय हा रोग! ज्या जिभेने आयुष्यभर दुसऱ्यांना समजावलं, तिच्यावर काय शब्द यावेत! पण वहिनी, तुमच्यामुळे ते निदान शब्दच आहेत." मी मान खाली घातली. ते बिचारे मला नमस्कार करून गेले.

आई


सोमवार, २७ एप्रिल

भिंगरे,

बंद केलं. तुला हवं होतं तसंच झालं, पण तू सांगितलंस म्हणून नव्हे.

गेल्या मंगळवारी दुपारी आम्ही जेवत होतो. चार घास खाल्ले, पाचव्याला थांबले. तोंडातून एक बारीक हाड काढलं आणि तळहातावर ठेवून बघत बसले. त्याला अंगठ्याने पालथं केलं, परत उलथं केलं. मग माझ्याकडे पाहिलं. भिंगरे, ते तुझे बाबा होते. मंडळात बोलायला उभे राहण्याआधी असेच बघायचे, समोरच्याच्या आरपार. महिनोन्‌महिने मी त्या नजरेची वाट बघत होते आणि ती नेमकी तेव्हा यावी!

म्हणाले, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "सोया."

हाड हातात धरून बसलेल्या माणसाला मी सांगितलं, सोया. दुसरं काही सुचलंच नाही. माझ्या ताटातही हाडं होती. ते त्यांनी पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. हाड त्यांनी ताटाच्या कडेला ठेवलं. मग म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार. तू काही मला फसवायची नाहीस." आणि पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून धुवायला लागले. एकेक बोट.

त्यांना कळलं आणि त्यांनी मला सोडून दिलं, की कळलंच नाही आणि त्यांनी विश्वास ठेवला? मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. कळलं असेल तर ते केवढ्या एकटेपणात ते वाक्य बोलले असतील. नसेल कळलं तर माझ्यासारखी नीच मीच. थोड्या वेळाने पुन्हा ड्यूटीवर जायला निघाले. मी शर्ट सरळ करून घातला.

मी माझी वाटी मोरीत ओतली. त्या दिवसापासून शिजवलेलं नाही. आणि ते पुन्हा उपाशी आहेत. भात नको, सूप नको, दूध नको. मागायचेही कमी झालेत, तेच जास्त भीतीचं. आंघोळ घालताना बरगड्यांवरून हात फिरवला की मला त्या कोंबडीच्या मानेची आठवण होते. डॉक्टरीणबाई म्हणतात नळी घालता येईल. ती ओढून काढतील म्हणून हात बांधावे लागतील. नको म्हटलं मी.

त्यांना दिलेल्या वचनाला जागले तर ते मरतात, आणि नाही जागले तर ते मेल्यातच जमा. मला यातलं काही करता येत नाही. तू ये. बारा गावं दूर बसून "देऊ नकोस" लिहिणं सोपं आहे. इथे येऊन त्यांच्या तोंडाकडे बघून म्हण. मी तुला दोष देणार नाही, पण एकदा ये.

आई


रविवार, २४ मे

भिंगरे,

तू नीट पोचलीस हे शिंपीणबाईंच्या मोबाइलवर कळलं.

तू येऊन गेलीस त्याबद्दल काय लिहू? कपड्यांना दुकानाचा वास नको म्हणून नवा ड्रेस घालून आलीस. नवं पातेलं घेऊन आलीस, त्याच्यावरचा कागद अजून निघालेला नव्हता. बटाटा, वाटाणे आणि गाजर शिजवलंस, तेही चव घेताना चमचा वेगळा ठेवून. मी दारातून बघत होते. मटणवाल्याच्या बायकोने इतकं सोवळं पाळलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांना "बाबा" म्हणालीस आणि ते खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा ना. तुम्ही कुठल्या विभागात?" तुझं तोंड बघवेना मला. तरी तू हसलीस आणि म्हणालीस, "मी स्वयंपाक विभागात."

आणि जेवले. तुझ्या हातून सगळं जेवले. जिन्यात तू माझ्या गळ्यात पडून रडत म्हणालीस, "बघ आई, खातात ना? तू फक्त देऊ नकोस." बारा वर्षांनी बापाने तुझ्या हातचं खाल्लं होतं. तेव्हा मी तुला काय सांगणार होते? ते परक्या बाईसमोर ताटात टाकत नाहीत, एवढाच त्यांचा शिष्टाचार उरलाय, हे सांगायला माझी जीभ वळली नाही.

तू कोपऱ्यावर वळलीस न वळलीस तोच मला विचारलं, "बाई चांगली आहे. लांबून आलेली दिसते. पण येताना मटण आणायला काय झालं होतं?"

हे लिहू नये असं ठरवलं होतं, पण हसू येतं गं. कुणाबरोबर हसू मी हे?

दुसऱ्या दिवशी तुझ्याच पातेल्यात तेच वाटाणे, तेच गाजर, तुझ्यासारखं बारीक चिरून केलं. माझ्या हातून घेतलं नाही. शिंपीणबाईंना पाहुणी बनवून समोर बसवलं, त्या दिवशी दोन घास गेले. पुढल्या दिवशी त्यांनाही ओळखलं. मास्तर आले, त्यांनी चमचा पुढे केला, तर तोंड घट्ट मिटून घेतलं. मग मास्तरांनीच चमचा खाली ठेवला आणि चपला घातल्या. मला वाटतं, त्यांना त्या दिवशीचा वास आठवला असावा. पण एका शब्दाने बोलले नाहीत.

आता ते दाराशीही जात नाहीत. हॅचरी पुसली गेली. "दिवेवाली" गेली. काल सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते. कधी नव्हे ते त्यांनी माझा पदर धरला, दोन्ही मुठींत, आणि म्हणाले, "आई, भूक लागली."

माझ्याकडेच बघून म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मी आहे." पुन्हा तेच. "आई, भूक." त्यांच्या तोंडात आता दुसरा शब्दच नाही. त्यांनी मला काय काय सांगून ठेवलंय, तू मला काय सांगून गेलीस, सगळं मी मनात घोकलं. तो पदर काही सुटेना.

मी उठले, शिजवलं आणि वाढलं. माझ्या हातून, माझ्या मांडीला टेकून, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं त्यांनी. मग तिथेच झोपले.

काय वाढलं ते मी तुला लिहिणार नाही.

तुझी आई